देणगीदाराचे आडनाव

आमचे आडनाव स्कॉटिश आहे. ते इथे लिहीत नाही. स्कॉटलंडमध्ये त्याचे पुष्कळ धनी आहेत आणि त्यांची परवानगी मी घेतलेली नाही.

आम्ही पुण्याचे मराठी ख्रिस्ती. अनोळखी माणूस आडनाव ऐकतो, चेहरा पाहतो आणि आडनाव पुन्हा विचारतो. बुधवार पेठेतल्या एका दुकानदाराने बिलावर ते लिहिता लिहिता मला शाबासकी दिली होती, "मराठी छान बोलता हं आपण!"

"सराव आहे," मी म्हणालो. "अठ्ठ्याहत्तर वर्षांचा."

घरात या आडनावाचा एक इतिहास होता. माझे पणजोबा खडकवासल्याच्या धरणाच्या कामावर आलेले स्कॉटिश इंजिनिअर, असे वडील सांगत. मीही मुलाला तेच सांगितले. जमीन मोजणीच्या खात्यात चौतीस वर्षे काढली. कागद पाहिल्याशिवाय कोणाच्या बांधाची हद्द मान्य केली नाही. पणजोबांचा कागद मात्र कधी मागितला नाही.

गेल्या वर्षी मुलाने तो मागितला. प्रत्येक खिडकीवर खुलासा देऊन तो कंटाळला होता. मुलीचा बारावीचा फॉर्म भरण्याआधी त्याला राजपत्रातून आडनाव बदलून घ्यायचे होते.

"पपा, आपलं मूळ आडनाव काय?"

"हेच."

"घरात आरसा आहे, पपा. इंजिनिअरची गोष्ट नको. मूळचं सांगा, ते लावतो."

"हेच मूळचं आहे."

"मग कागद दाखवा. महिनाभर थांबतो."

पत्नीच्या थडग्यावर हे आडनाव कोरलेले आहे आणि त्याखाली माझ्यासाठी जागा मोकळी ठेवली आहे. आडनाव जायला नको होते. याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

त्या महिन्यात मला एका जागी बसवेना. पहाटे कसब्यातल्या बोळांतून चालून येई. चहा अर्धा टाकून पुन्हा बाहेर पडे. प्रथम जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून स्कॉटिश आडनावांवरचा एक जाड ग्रंथ मिळवला. आमच्या आडनावाला त्यात दीड पान होते. दक्षिण स्कॉटलंडमध्ये नदीच्या वळणावर एक वाडी होती. ती जमीन ज्याला मिळाली त्याने वाडीचे नाव लावले. आपल्याकडेही गावावरून आडनावे पडतात. त्यात नवल नव्हते. पुढे त्या घराण्याने शेजाऱ्यांची गुरे पळवण्यात नाव काढले. नवल त्यापुढच्या परिच्छेदात होते. घराणे बळावले तशी त्याची जमीन कसणारी कुळे, घोड्यांचे मोतद्दार, आश्रयाला आलेले परके, सगळे तेच आडनाव लावू लागले. रक्ताचा संबंध असलाच पाहिजे असे नव्हते. आज ते लावणाऱ्यांपैकी मूळ वंशातले किती, हे सांगता येत नाही, असे ग्रंथकाराने नमूद केले होते.

तो परिच्छेद मला आवडला नाही. पुस्तक मिटून मी चर्चमध्ये गेलो.

तिथले पाळक तरुण आहेत. त्यांनी जुन्या नोंदवह्यांचे कपाट उघडून दिले. "काका, धूळ फार आहे. नक्की काय हवंय?"

"आजोबांचा बाप्तिस्मा."

दोन तासांनी नोंद सापडली. आजोबा दुष्काळात मिशनच्या अनाथालयात आले होते. वय अंदाजे चार. सोलापूरच्या रस्त्यावर सापडले. आईबाप अज्ञात, गाव अज्ञात. शेऱ्यात एकच वाक्य होते: स्वतःचे नाव सांगतो, बापाचे सांगता येत नाही. शेवटच्या रकान्यात देणगीदाराचे नाव होते. आजोबांचा खर्च स्कॉटलंडमधल्या एका बाईने उचलला होता आणि बाप्तिस्म्याच्या वेळी तिचे आडनाव त्यांना लावले होते.

"तशी पद्धतच होती," पाळक म्हणाले. "पैसे पाठवणाऱ्याला वाटावं, आपलं मूल आहे."

"ती बाई कधी इकडे आली होती?"

"नोंद नाही."

बाहेर आलो आणि समोर आलेल्या खडकवासल्याच्या बसमध्ये चढलो. धरणाजवळ उतरलो. पणजोबांनी न बांधलेली भिंत पाहिली. त्याच बसने परत आलो.

नऊ दिवस मुलाला काही सांगितले नाही. सांगितले नसते तरी चालले असते. इंजिनिअर खोटा हे त्याला ठाऊकच होते, आणि मूळ आडनाव मिळत नाही म्हणून तो कदाचित थांबला असता. पण नोंद मी पाहिली होती. दहाव्या दिवशी जेवताना मधेच उठून मी उभ्यानेच सगळे सांगितले.

तो बराच वेळ भात कालवत राहिला.

"तिकडेही अर्ध्याअधिक लोकांना ते असंच मिळालंय," मी म्हणालो. "पुस्तकात आहे."

"त्यांना कसायला जमीन तरी मिळाली. माझ्या पणजोबांना काय मिळालं?"

"दोन वेळचं जेवण."

त्याने मान हलवली. मग विचारले, "ते स्वतःचं नाव काय सांगायचे? लिहिलंय?"

लिहिले होते. दोन अक्षरी, खेड्यापाड्यातले साधे नाव. बाप्तिस्म्यात तेही बदलले होते. मी ते सांगितले. आमच्या घरात ते त्यापूर्वी कोणी उच्चारले नसावे.

"तेच आडनाव लावतो."

"ते आडनाव नाही."

"आतापासून आहे."

मी वाद घातला नाही. आडनावे कशी सुरू होतात ते मी नुकतेच दीड पान वाचले होते.

"तुम्ही?" त्याने विचारले.

"मी बदलणार नाही."

"बदला असं म्हणतही नाही. बसा आता, जेवा."

प्रतिज्ञापत्राच्या दिवशी त्याच्याबरोबर गेलो. नोटरीच्या टेबलाशी कारकुनाने ओळख पटवायला माणूस मागितला. मी पुढे झालो. त्याने माझे ओळखपत्र पाहिले, मुलाचे पाहिले आणि दोन्ही परत केली.

"आजोबा, घरचा माणूस नको. तुमचं दोघांचं आडनाव एकच आहे."

"म्हणूनच तर आलोय," मुलगा म्हणाला.

कारकुनाला त्यात विनोद दिसला नाही. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखकाने सही केली. मुलाने प्रतिज्ञापत्र माझ्या हातात दिले. जुने नाव, नवे नाव, कारण. मी दोनदा वाचले, चूक नव्हती. कोणीतरी खुर्ची पुढे सरकवली. मी नको म्हणालो आणि शिक्का बसेपर्यंत दारात येरझाऱ्या घालत राहिलो.