फेट्यामागचे अर्जुनराव

औशाच्या जुबेरला कुणी 'होत नाही' म्हटलं की ते काम करून दाखवल्याशिवाय चैन पडत नसे. लग्नाचे फोटो काढता काढता चाळिशीत त्याने कॉम्प्युटरवरचा नवा खेळ शिकून घेतला. फोटो जागच्या जागी, कॅमेरा त्याच्यावरून फिरतो. नवरदेवाकडे हळूच सरकायचं, करवलीपाशी रेंगाळायचं, मागे यायचं. हे खूळ एवढं वाढलं की स्वतःच्या आधार कार्डावरच्या फोटोवरूनही त्याने कॅमेरा फिरवून पाहिला.

लातूरच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा अंगद आपल्या लग्नाच्या फिल्मसाठी त्याच्याकडे आला. तो तान्हा असताना भूकंपात घर बसलं. त्यात वडील अर्जुनराव गेले, घरातले फोटोही गेले. एका नातेवाइकाकडे एकच फोटो सापडला होता, कुणाच्या तरी लग्नातला. त्यातही अर्जुनरावांच्या तोंडापुढे एका पाहुण्याचा भलामोठा फेटा. कपाळ आणि एक डोळा तेवढा दिसत होता.

"लग्नात आईला त्यांचं तोंड दिसलं पाहिजे," अंगद म्हणाला.

"हाव सर! कॅमेरा जरा बाजूनं नेतो, फेट्यामागून निघतेत की वडील तुमचे."

फिजिक्सच्या मास्तरालाही हे पटलं. बापाच्या ओढीपुढे फिजिक्स काय करणार?

जुबेरने फेटा कापून वेगळा केला, अर्जुनरावांना त्याच्या मागे ठेवलं आणि कॅमेरा सरकवला. फेटा बाजूला झाला आणि मागे निघालं फेट्याएवढंच भोक! फोटोत जे आलंच नाही, ते कॅमेरा कुठून आणणार? पण शब्द तर दिलेला. जुबेरने अंगदचाच एक डोळा, नाक, गाल नि मिशी उचलून भोकात बसवली आणि रंग जुनाट केला. अंगद ते पाहून ढसाढसा रडला. जुबेरला आधी स्वतःचं कौतुक वाटलं, मग ते तोंड कुणाचं आहे हे सांगायचा धीर होईना.

लग्नाआधी अंगद आईला, चांगुणाबाईंना, स्टुडिओत घेऊन आला. कॅमेरा सरकला, तोंड दिसलं आणि त्या पदर तोंडाला लावून खो खो हसल्या.

"आरं, ह्यो तर अंगद हाय! ह्यांना मिशी कुठली आली?"

अंगदचा चेहरा पडला. जुबेरची मान खाली गेली. "चुकलं, काकू. पुसून टाकतो."

"पूस. आन् फेटा ठिव माघारी. फोटोवाला दिसला की लपायचे ते. लई लाजायचे. मुद्दाम हुबे ऱ्हायलेत त्याच्यामागं." हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "एक डोळा दिसतोय न्हवं? तिथवर ने तुझा कॅमेरा."

लग्नात पडद्यावर कॅमेरा हळूहळू वऱ्हाडातून वाट काढत त्या एका डोळ्यापर्यंत गेला आणि थांबला.

"घावले का न्हाई!" चांगुणाबाई मोठ्यानं म्हणाल्या.