कोणी ओरडतं का बघू

आमच्या ऑफिसात जुना सर्व्हर काढून टाकायची एक रीत आहे. त्यातली माहिती आधी पुसायची नाही. नुसता बंद करून ठेवायचा आणि कोणी ओरडतं का बघायचं. कोणीच ओरडलं नाही, तर तो कोणाला नकोच होता असं समजायचं.

मागच्या महिन्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या मधुराने असाच एक बंद केला. त्याच्या पंख्याची घरघर हळूहळू विरत गेली, हिरवा दिवा मिटला. इतके दिवस खोलीत तो आवाज होता, हे तो थांबल्यावर कळलं. मला उगाच वाटत राहिलं, आपणही कधीकधी असेच गप्प होतो. कोणाला फोन करत नाही, ग्रुपवर काही लिहीत नाही. नुसते कानोसा घेत बसतो.

कोणी ओरडलं नाही. आज मधुरा सगळं पुसायला बसली आणि फोन वाजला. दुसऱ्या गावातल्या आमच्या शाखेतल्या बाई होत्या.

"अहो, आज कोणाचा वाढदिवस आहे ते दाखवणारं पान उघडत नाहीये."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. मी रोज सकाळी बघते ना!"

"मग आधी का नाही कळवलंत?"

"वाटलं, तुमचं काही काम चालू असेल. होईल आपोआप सुरू."

मधुराने सर्व्हरचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला, घरघर खोलीत परतली.

मी खिशातला फोन काढून हातात धरला. माझंही काही काम चालू असेल, असं समजून कोण कोण थांबलं असेल?