अंतरपाटानंतरची चार पानं

धाकटीने परवा फोनवर सांगितलं की ती हल्ली अशा प्रेमकथा वाचते, ज्यांत लग्न सुरुवातीलाच उरकतं आणि खरी गोष्ट पुढे चालते. "आजी, हा अगदी नवीन प्रकार आहे," म्हणाली. फोन ठेवला आणि हे लिहायला बसले. तुम्ही दोघंही नातवंडं मराठी वाचताना अडखळता, म्हणून वाक्यं लहान ठेवते. सावकाश वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

आम्ही तेव्हा हैदराबादेत, नल्लकुंट्यात, दोन खोल्यांत राहत होतो. तुमचे आजोबा सरकारी कचेरीत कारकून, त्यांची आई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मी. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. मी इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. शिक्षण पुरं करू देण्याचं माझ्या वडिलांनी लग्नाआधीच कबूल करून घेतलं होतं.

घरात एक रीत होती. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही. मी दोन हातांच्या अंतरावर उभी असले तरी तुमचे आजोबा विचारत, "आई, माझा सदरा कुठाय?" सासूबाई मान वळवत. "कुठाय गं?" मी म्हणे, "आत्याबाई, खुंटीला आहे." मग त्या पुन्हा वळून, "खुंटीला हाये रे." सासूबाईंचं अंथरूण पडद्यापलीकडेच असे. त्यामुळे एकांत म्हणजे कुजबुज.

त्याच काळात हैदराबाद राज्याची वाटणी ठरली. मराठी जिल्हे मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे म्हैसूरकडे, आणि शहर आंध्रात. कचेरीतल्या मराठी लोकांना पसंतीचा कागद भरून द्यायचा होता: इथे राहणार की तिकडे जाणार. एका सकाळी मी भाकरी थापत होते आणि तुमचे आजोबा आईला म्हणाले, "मी तिकडचं लिहून देतोय. थोरला दादा तिकडे, शेत तिकडे. इथे उद्या कारभार तेलुगूत गेला तर माझं काय? एखाद्या तालुक्याला नेमणूक मिळेल."

त्यांचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. पण तालुक्याच्या गावी कॉलेज नव्हतं. आणि या वेळी "तिला सांग" एवढेही शब्द नव्हते. भाकरी करपली. ती मीच खाल्ली.

आमच्या गल्लीत एक म्हातारे मास्तर होते. त्यांच्या बैठकीत मराठी पुस्तकांची दोन कपाटं होती, तेच आमचं वाचनालय. फाटलेली पुस्तकं ते स्वतः बांधत आणि मजबुतीसाठी शेवटी चार कोरी पानं घालत. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. दुपारी त्या तांदूळ निवडत आणि मी वाचून दाखवी. त्या आठवड्यात एक कादंबरी संपली. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, समाप्त. इंग्रजीतल्याही मी वाचलेल्या बहुतेक अशाच, फक्त तिथे चर्चची घंटा वाजे.

मला संताप आला. पेन्सिल घेऊन मी त्या कोऱ्या पानांवर पुढची गोष्ट लिहू लागले. बागेत दोनशे पानं बोलणारा नायक संसारात येताच मुका झाला. बदलीचा कागद खिशात घेऊन हिंडू लागला. नायिका स्वयंपाकघरातून त्याच्या खिशाकडे बघत राहिली. चौथ्या पानाच्या मध्यावर मी थांबले, कारण पुढे काय ते मलाच ठाऊक नव्हतं. नंतर खोडू म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात असताना सासूबाईंनी शिस्तीत पुस्तक परत पाठवून दिलं.

पंधरा दिवसांनी मास्तरांकडे गेले, तर त्यांनी तेच पुस्तक पुढे केलं. "बाई, हे अक्षर तुमचं. रजिस्टरात सही बघतो मी."

"खोडून देते, मास्तर."

"खोडू नका! गल्लीतल्या बायांनी परेशान करून सोडलंय मला. त्यानं विचारलं का तिला, म्हणतात. मला काय ठाऊक? अर्धं कामून सोडलं? पुरं करा आणि आणून द्या."

घरी आले. त्या दिवशी रविवार होता. तुमचे आजोबा खाटेवर पेपर वाचत होते. शेजारणीने बातमी आधीच पोचवली होती. "त्या किताबीत पुढं बी काही हाये म्हणं," सासूबाई म्हणाल्या, "वाच बरं."

मी वाचलं. अर्ध्यात पेपर खाली आला. तुमच्या आजोबांनी वाकून पानाकडे पाहिलं. माझं अक्षर ते ओळखत होते.

"मग? इचारलं का त्यानं?" सासूबाईंनी विचारलं.

"इथंच संपलंय, आत्याबाई."

"असं कसं संपतं?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "याच्या बापानं मला गाडीत बसवलं. तांब्या, वरवंटा, समदं पायाशी. मला वाटलं माहेरी चाललो. वेस ओलांडल्यावर कळलं, गाव सोडलं म्हणून." मग त्या मुलाकडे वळल्या. "तू तुझा कागद दिला का?"

"उद्या द्यायचाय."

"तिला इचारलं?"

"तू विचार ना, आई."

"मी कामून इचारू? तिचा नवरा मी हाये का तू?"

तुमच्या आजोबांनी पेपरची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग आईसमोर, पहिल्यांदा, माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"मी परीक्षा देणार," मी म्हणाले. "तुम्ही तिकडचं लिहिलंत, तर इथेच मलकपेठेत वडिलांकडे राहून देईन. पण तुम्ही इथलं लिहावं, असं मला वाटतं."

"तेलुगू शिकावं लागेल."

"शिकू."

"भाजीवालीशी भांडती ती तेलगूत," सासूबाई म्हणाल्या. "तुला बी शिकवील."

ते हसले नाहीत. दादांना काय सांगायचं, याची काळजी त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती, आणि दादा पुढे कित्येक दिवस त्यांच्याशी धड बोललेही नाहीत. पण त्याच संध्याकाळी त्यांनी कागद काढला आणि पसंतीच्या जागी हैदराबाद लिहिलं. मागितलं ते मिळेलच, असं कुणी सांगत नव्हतं. हुकूम येईपर्यंत माझी परीक्षा होऊनही गेली. तो हुकूम आमच्या बाजूने आला म्हणून तुमचा बाप हैदराबादचा झाला.

कागद भरून झाल्यावर मी त्यांच्याकडून टाक मागून घेतला आणि चौथं पान शाईने पुरं केलं. सासूबाई शेजारी बसून होत्या.

"इचारलं ना त्यानं?"

"विचारलं."

"हां. आता दे नेऊन मास्तरला. बाया खोळंबल्यात."