मादीला गट नंबर कळत नाही

दुसऱ्या सकाळीही क्रेट भरलेलाच होता. बिबट्याची दोन पिल्लं आत, एकमेकांवर चढून झोपलेली. आई आलीच नव्हती.

ही गोष्ट माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षातली. मी वनखात्यात वनमजूर होते. म्हणजे रोपं लावायची, वणवा विझवायचा, ठसे बघायचे आणि साहेब डोंगर चढताना दमले की त्यांची पिशवी धरायची. शाळा चौथीपर्यंत.

बिबट्याची पिल्लं कुणी उचलून आणली की खातं ती आईला परत देतं. कागदावर याला पुनर्भेट म्हणतात. पिल्लं जिथून उचलली, नेमकी तिथंच संध्याकाळी प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवायची. समोरच्या झाडाला कॅमेरा बांधायचा आणि माणसांनी लांब जायचं. मादी येते, क्रेट पाडते, एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. पण तिनं जिथं ठेवली होती तिथंच ती शोधते. काही दिवस शोधते, मग नाद सोडते. मग पिल्लं खात्याच्या निवारा केंद्रात जातात. शिकार शिकवायला आई नाही, म्हणून पुन्हा रानात सोडता येत नाहीत. जन्मभर पिंजरा.

मळवलीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या उतारावर बंगल्यांचे प्लॉट पाडायचं काम चालू होतं. त्या कामावरच्या सुपरवायझरनं पिल्लं पोत्यात घालून आणली. खाली भातखाचरात, पेंढ्यात सापडली म्हणाला. वनपाल साहेबांनी खाचराचा गट नंबर, म्हणजे सातबाऱ्यावरचा जमिनीचा नंबर, घालून पंचनामा केला. पंच म्हणून माझी सही घेतली. मी चहा पीत वाचून सही केली. जागा मात्र बघितली नाही.

त्या सकाळी दूध पाजून झाल्यावर मी पिल्लांची पोटं ओल्या फडक्यानं पुसली. फडकं पिवळं झालं. नखांत मुरूम अडकला होता. खाचरात काळी चिकण माती, आणि पिल्लांच्या अंगावर पेंढ्याची एक काडी नाही. मुरूम फक्त वर होता, जेसीबीनं डोंगर फोडला होता तिथं.

मी फडकं वनपालांपुढं धरलं.

"साहेब, ही खाचरातली न्हाईत. वरची हायेत."

"मावशी, पंचनाम्यात गट नंबर लिहिलाय. कागद वर गेलाय. आता जागा बदलली तर मला विचारतील, आधी काय बघितलं होतंस?"

"मग काय बघितलं हुतं?"

ते मोबाईल बघायला लागले.

"मादीला गट नंबर वाचता येत न्हाई साहेब. ती कुटं यील?"

"आजची रात्र वाट बघू."

वाट बघायला त्यांचं काय जात होतं? माझं डोकं फिरलं. तशीच डोंगर चढले.

वर अख्खा उतार सोलून काढला होता. सुपरवायझर खुर्ची टाकून बसला होता.

"या मावशी! तुमचं वाघरू न्या बाबा पिंजऱ्यात घालून. गिऱ्हाईक घाबरतंय."

"वाघरू माझं न्हाई. डोंगर तरी तुझ्या शेठचा कवा हुता? पिल्लं कुटनं उचलली?"

"सांगितलं की. खाचरातनं."

"खाचरात मुरूम कुणी टाकला, तुझ्या बापानं?"

तो हसला. "वय झालं तुमचं, उन्हातानाचं फिरू नका."

जेसीबीच्या सावलीत रफिक डबा खात होता. हा वडगावचा ऑपरेटर. नाव बदललं आहे, त्याला अजून काम मिळायला हवं. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. त्यानं आवाज खाली घेतला.

"मावशी, माझं नाव घिऊ नका. बकेट लावली अन् कारवीच्या जाळीतनं दोन्ही खाली घरंगळली. मी मशीन बंद केलं. म्हनलं, ऱ्हाऊ द्या तितंच, आई यील. तर ह्यो म्हनला, डोंगरात वाघरू हाय असं कळलं तर काम बंद पडंल."

"आई दिसली का?"

"दिसत न्हाई. पर दोन दिस झालं, सांजच्याला करवत चालल्यागत आवाज येतोय. गडी लवकर पळत्यात."

बिबट्याची साद तशीच असते, लाकूड कापल्यासारखी. ती पिल्लांना बोलवत होती आणि पिल्लं खाली गट नंबरावर पडून होती.

मी खाली आले. रफिकचं नाव काढलं नाही, आवाजाचं सांगितलं. आज क्रेट वर नेला नाही तर मीच डोक्यावर घेऊन जाईन, असंही सांगितलं. साहेब खुर्चीतून उठले.

"ठीक आहे. क्रेट वर नेऊ. पण कागद आहे तसा राहील. कबूल?"

दुपार कलली होती. पिल्लांचा आवाज बसला होता.

"कबूल," मी म्हणाले.

दिवेलागणीला क्रेट कारवीच्या उरलेल्या जाळीपाशी ठेवला. सकाळी गेलो तर तो उलटा पडला होता, रिकामा. कॅमेऱ्यात ती दिसली. क्रेटभोवती दोन फेऱ्या मारल्या, पंजानं पाडला, एक पिल्लू नेलं. परत येऊन दुसरं नेलं. साहेबांनी फोटो ग्रुपवर टाकले. खूप अंगठे आले.

मी रिटायर झाले आणि त्या डोंगरावरच्या पुढच्या प्लॉटांना परवानगी निघाली. अहवालात लिहिलं होतं, सदर जागेत वन्यप्राण्यांचा वावर आढळून आला नाही. मी तक्रार घेऊन वडगावला कचेरीत गेले. क्लार्कनं फाईल काढली.

"आजी, पिल्लं तर खाचरात सापडली होती. हा बघा पंचनामा. ही सही कुणाची?"

"माझी."

"मग?"

मग काय. एसटीनं घरी आले. आता तिथं बंगले आहेत आणि बंगलेवाले खात्याला फोन करतात की बिबट्या आमच्या आवारात शिरतो.

रानात पिल्लं दिसली तर हात लावू नका, आई जवळच असते. लावलाच असेल तर खरी जागा सांगा. आणि कुणी पंच म्हणून सही मागितली तर आधी जागेवर चालत जा. चहा नंतर घ्या.