सतराव्या मजल्यावरून हनोईला

मी पहिल्यांदा हनोईला निघाले तेव्हा आई मला सोडायला विमानतळावर आली नाही. लिफ्टने खाली लॉबीपर्यंत आली, तेच तिच्यासाठी खूप होतं. लिफ्टमध्ये तिला गरगरतं, म्हणून बाजार करायचा असेल तरच ती खाली उतरायची. दादा गाडीत बॅगा भरत होता. आईने बांधून दिलेली जवळ्याची पिशवी त्याने काढली आणि वॉचमनच्या टेबलावर ठेवली. एअरपोर्टवर पकडतील म्हणाला. आईने पिशवी उचलून पदराखाली घेतली, मला म्हणाली, "पोचलीस का फोन कर बाय," आणि आमच्याकडे पाठ करून लिफ्टची वाट बघत उभी राहिली. आमची गाडी गेटबाहेर पडली तरी लिफ्ट आलेली नव्हती.

आम्ही मूळचे ठाण्यातल्या बाळकुमचेच आगरी. आजोबा मिठागरात जायचे, बाबांनी भातशेती केली. मग शेतावर कॉम्प्लेक्स आला आणि त्या बदल्यात आम्हाला सतराव्या मजल्यावर घर मिळालं. बाबा तिथे फार दिवस राहिले नाहीत, गेले. दादा, वहिनी आणि मी तिघंही नोकरीवाले, त्यामुळे आई दिवसभर एकटी. माझं लग्न जमलं नाही. पुढे मी तो विषय बंद केला, नातेवाइकांनी मात्र केला नाही. घोडबंदर रोडवरच्या एका औषध कंपनीत मी क्वालिटीचं काम बघायचे. कंपनीने हनोईला नवं युनिट टाकलं, तिथे काही वर्षांसाठी कोणीतरी हवं होतं. आमचे सर म्हणाले, आधी दोन आठवडे जाऊन शहर बघ, मग हो की नाही ते सांग. तोवर मी लांब म्हणजे गोव्याला गेलेले.

परदेश म्हणजे झगझगीत ऊन, निळं पाणी असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. हनोईत जानेवारी होता. आभाळ राखाडी, आणि दिवसभर हवेत इतकं बारीक पाणी की त्याला पाऊसही म्हणता येईना. ठाण्यात थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करायचा, एवढीच मला माहीत. मी एक पातळ स्वेटर घेऊन गेलेले. हॉटेलच्या खोलीत खिडकी होती, पण ती समोरच्या भिंतीकडे उघडायची. सकाळी ऑफिसची गाडी न्यायला यायची, संध्याकाळी सोडायची. मधल्या वेळात लोक माझ्याशी हळू, सोप्या इंग्रजीत बोलायचे आणि मीही तसंच बोलायचे. कामाचं सगळं समजायचं. पण दिवस संपला की वाटायचं, आज आपण कोणाशी काहीच बोललो नाही.

रस्ता ओलांडणं हे तिथलं पहिलं शिक्षण. स्कूटरींचा लोंढा थांबतच नाही. न घाबरता, न पळता, एका चालीने पुढे जात राहायचं आणि लोंढा आपल्याला वळसा घालून जातो. ऑफिसमधल्या लानने मला हे शिकवलं. ती माझ्याच वयाची, दोन मुलांची आई, भाषांतराचं काम करायची. पहिल्यांदा तिने माझी बाही धरून मला पलीकडे नेलं. नंतर मी एकटी जायला लागले. फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर घरंच्या घरं जेवायला बसलेली असायची, गुडघे गुडघ्यांना लागलेले, एकमेकांच्या वाडग्यात काही ना काही वाढत. भुकेली असूनही मी त्यांच्यासमोरून चालत जायचे. एकटीने त्या स्टुलावर बसायचा मला धीर होत नव्हता. खोलीवर येऊन आईने दिलेल्या भाकऱ्यांचे तुकडे खायचे. त्या संपल्यावर बिस्किटं.

रविवारी तळ्याकाठी फिरायला गेले आणि ओल्या फरशीवरून पाय सरकला. उजव्या हातावर पडले. काहीतरी मोडलंय हे तिथेच कळलं. बाजूला चहा विकणारी एक म्हातारी होती. तिने मला उठवून स्टुलावर बसवलं, माझा दुसरा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मोठ्याने काहीतरी बोलत राहिली. एक शब्द कळला नाही, पण रागावत होती हे कळलं, आणि मला रडू फुटलं. हात दुखत होताच, पण घर सोडल्यापासून मला कोणी असं धरलेलं नव्हतं. लान येईपर्यंत तिने हात सोडला नाही. मग दवाखाना, एक्स-रे, कोपरापर्यंत प्लास्टर.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल असायचा. त्या दिवशी मी उशीला फोन टेकवला, फक्त चेहरा दिसेल असा. तिने विचारलं, "जेवलीस कं?" मी हो म्हटलं. बरी आहेस ना, तर बरी आहे. तिच्या पाठीमागे आमच्या घरची भिंत नव्हती, फिकट हिरवी कुठलीतरी होती. मी विचारलं तर म्हणाली, वहिनीच्या माहेरी डोंबिवलीला आलोय चार दिवस. मला बरं वाटलं. चला, निदान तिला सोबत आहे. उरलेले सगळे दिवस आम्ही दोघी तशाच बोललो, चेहऱ्यापुरत्या.

परतले तेव्हा दादा विमानतळावर न्यायला आला. माझं प्लास्टर बघून त्याने बॅग स्वतःकडे घेतली. गाडी माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली तेव्हा समोर बघतच त्याने सांगितलं की आईचं ऑपरेशन झालं. पित्ताशयात खडे होते, दुखायला लागल्यावर ॲडमिट करावं लागलं. डोंबिवली वगैरे काही नव्हतं, ती हॉस्पिटलची भिंत. मला सांगायचं नाही म्हणून तिने त्याला शपथ घातलेली. मी त्याच्यावर ओरडले. त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "आणि हे कधी झालं?"

आई पलंगावर बसलेली होती, उतरलेली, गळ्याची हाडं वर आलेली. मी काही म्हणायच्या आत तिला प्लास्टर दिसलं. तिचा चेहरा असा झाला की माझ्या ओठावरचं सगळं भांडण विरून गेलं. वहिनीने ताट आणलं. मला डाव्या हाताने घास घेता येईना, तेव्हा आईने ताट स्वतःच्या मांडीजवळ ओढलं आणि भात कालवून मला भरवायला लागली. वाकताना तिच्या पोटावरचे टाके ओढत होते. दर घासाला ती श्वास रोखायची. मी नको म्हटलं नाही.

ऑफिसला उत्तर द्यायचं होतं. मी नाही म्हणायचं ठरवून टाकलेलं, आणि दुपारी घरात आम्ही दोघीच असताना तिला तसं सांगितलंही. तुझं ऑपरेशन होतं आणि मला ठाऊक नाही, असं परत नको, म्हटलं. आई खिडकीशी बसलेली. आमचं शेत होतं तिथे आता स्विमिंग पूल आहे, वरून तो निळा चौकोन दिसतो. तिकडेच बघत म्हणाली, "तू हतं असतीस तरी मी तुला सांगितला नसता. खोटा बोलाला लांब जावा नय लागत."

मग तिने जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलेलं नव्हतं. शेत द्यायचं ठरलं तेव्हा पुरुषांची बैठक आमच्याच ओटीवर झाली आणि ती आत चहा करत होती. जुनं घर पाडलं त्या दिवशी ती माहेरी जाऊन बसली. सतराव्या मजल्यावर आल्यावर कितीतरी महिने तिला सकाळी उठलं की दार कुठल्या बाजूला ते आठवायचं नाही. शेजारची काशीकाकू दुसऱ्या टॉवरमध्ये गेली, मग दोघींचं बोलणंच तुटलं. बाबांनी विचारलं की ती म्हणायची, बरं आहे. आम्ही विचारलं तरी तेच. मी त्याच घरात राहत होते, रोज संध्याकाळी तिच्या हातचं जेवत होते. मला वाटायचं, घर सोडून जायचा प्रश्न माझ्यापुढे आहे. आई तर कधीच निघालेली होती, आणि तिला सोडायला कोणी लॉबीपर्यंतसुद्धा आलं नव्हतं.

"तू जा," ती म्हणाली. "पन फोनवर खरा बोल. मीपन बोलन."

असं ठरवून मी गेले. हे वाचणाऱ्यांपैकी जे घरीच राहिलात त्यांना वाटेल, त्यानंतर सगळं सोपं झालं असेल. आणि जे माझ्यासारखे निघालात त्यांना माहीत आहे, तसं होत नसतं. खरं बोलणं फार जड गेलं. आई फोनवर सरळ सांगायची, आज मना करमला नय, आज कोनी बोलला नय. मी हजारो मैलांवर भाजी चिरत ते ऐकायचे आणि माझ्या हातात काही नसायचं. मीही सांगायचे, इथल्या नवीन वर्षाच्या सुट्टीत सगळं शहर गावी गेलंय, दुकानं बंद आहेत, आज माझा आवाज मीच ऐकलेला नाही. तीही ऐकून घ्यायची. एकटेपण त्याने कमी झालं असं मी म्हणणार नाही. ते कोणाला तरी ठाऊक होतं, इतकंच.

हळूहळू शहर अंगवळणी पडलं. नमस्काराचं 'शिन चाओ' म्हणताना आता जीभ अडखळत नाही. बाजारात सुक्या कोळंबीच्या टोपल्यांपाशी मी भाव करते. माशांचं खारं पाणी, 'नुओक माम', आमटीत घालते. कोणत्याही आगरी बाईला तो वास परका वाटणार नाही. फुटपाथच्या स्टुलावर एकटी बसून जेवते. कामाची मुदत संपली तेव्हा कंपनीने वाढवून दिली आणि मी हो म्हटलं. आईलाही तसंच सांगितलं, मला राहायचंय. ती म्हणाली, "वाईट वाटला. पन रहा."

यंदा दादाने बाळकुमचं घर विकलं. पोरांच्या शाळेसाठी, वहिनीच्या आईवडिलांच्या आजारपणासाठी डोंबिवलीला जाणं भाग होतं, तो चुकला असं मला वाटत नाही. आई त्यांच्याबरोबर गेली. लग्नानंतर पहिल्यांदा तिने बाळकुम सोडलं. दादाने मला नव्या बिल्डिंगचं लोकेशन पाठवलं, मी एक अंगठा पाठवला आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. माझ्या परतीचं ठिकाण म्हणून जे काही डोक्यात होतं, त्याचं दार आता दुसऱ्या कोणाचं होतं.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी स्वयंपाक करत होते. आईचा साधा कॉल आला, व्हिडिओ नाही. मागे रिक्षांचे हॉर्न. ती हळू आवाजात म्हणाली, "बाय, मी वाट चुकलंय."

कोथिंबीर आणायला एकटीच खाली उतरलेली, परत फिरताना सगळ्या गल्ल्या सारख्या दिसायला लागल्या. दादाला फोन कर म्हटलं तर नको म्हणाली. तो मग एकटीला बाहेर सोडायचा नाही. गॅस बंद करून मी नकाशा उघडला आणि विचारलं, समोर काय दिसतं. आई चौथी शिकलेली, एकेक अक्षर लावत पाट्या वाचायला लागली. एक पोळी-भाजी केंद्र, त्याच्या बाजूला चष्म्याचं दुकान, कोपऱ्यावर गणपतीचं देऊळ. डोंबिवलीत अशी पोळी-भाजी केंद्रं किती, पण देवळाला लागून असलेलं एक सापडलं. मी म्हटलं, देऊळ उजव्या हाताला ठेव आणि सरळ चाल. फोन ठेवू नकोस.

ती चालत राहिली. तिच्या चपलांचा आवाज, धाप, मधेच कोणाला तरी "सरक रं" म्हणणं, सगळं ऐकू येत होतं. मी नकाशावर बोट सरकवत होते. शाळेची भिंत आली का? आली. आता डावीकडे. पहिली गल्ली सोड, दुसरी. एका जागी ती थांबली, दम खायला.

मग म्हणाली, "हां, गेट दिसला. वाचमन हाय."

लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. मी विचारलं, गरगरतंय का? म्हणाली, गरगरतंय. तिसराच मजला आहे, म्हटलं, लगेच येईल. मग किल्लीचा आवाज, दाराचा आवाज, आणि पलीकडे ते घर, जे मी अजून पाहिलेलं नाही. त्याच्या भिंतींना कोणता रंग आहे, खिडकीतून काय दिसतं, मला माहीत नाही. पण त्याच्या दारापर्यंतची वाट मला पाठ झालीय.

"आलू घरी," आई म्हणाली. "तू जेव आता."