रंगारीमामा आणि हॉटेलचं छत

रंगारीमामा चाळीस वर्षं भिंती रंगवत होते आणि बेचाळीस वर्षं सिगारेट ओढत होते. त्यामुळे हॉटेलांत सिगारेटला बंदी घालायचा ठराव नगरपालिकेत येतोय म्हटल्यावर ते उसळलेच. "उद्या जेवताना घास किती घ्यायचे तेही हेच सांगणार!"

ठरावाआधी लोकांचं म्हणणं ऐकायला सभा भरली, तीही मामांच्या शाळासोबत्याच्या हॉटेलात. टेबलं भिंतीला सरकवली होती, खुर्च्या कमी पडून लोक खिडक्यांत बसले होते. हॉटेलचा मालक, म्हणजे हा शाळासोबती, आधीच तापला होता. "हॉटेल माझं, गिऱ्हाईक माझं. ज्याला धूर नको त्याने येऊ नये! आणि धूर राहतो कुठे? दोन पंखे लावलेत, सगळा बाहेर जातो. विचारा या रंगाऱ्याला, दर वर्षी छत तोच रंगवतो. सांग रे!"

मामा उठले ते मित्राची बाजू घ्यायलाच. पण तोंड उघडलं आणि अडखळले. एरवी त्यांनी थापा कमी मारल्या नव्हत्या. रंगाच्या कामात मात्र एकही नाही.

"धूर बाहेर जात असता, तर मी दर वर्षी इथे कशाला आलो असतो?"

हशा पिकला. मालक लालबुंद झाला. "तो स्वयंपाकघरातला तेलकटपणा आहे!"

"तेलाचा डाग चिकट असतो. हा कोरडा आहे. माझं काम मला शिकवतोस?" आता मामांनाही चेव चढला. "शिडी आणा! सोड्याचं गरम पाणी आणा!"

अख्खी सभा उठून उभी राहिली. मामा कण्हत-कुंथत शिडी चढले आणि गल्ल्याच्या बरोबर वर फडकं फिरवलं. एकदा, दोनदा, जोर लावून तिसऱ्यांदा. पिवळट छतात ताटाएवढा पांढराशुभ्र तुकडा उघडा पडला. फडक्यातून चहाच्या रंगाचं पाणी थेट गल्ल्यावर ठिबकलं.

तिथे मालकाची बायको बसली होती. ती वर बघतच राहिली. "अहो, अठरा वर्षं मी याच्याखाली बसते. मला कुणी विचारलं होतं का?"

मालक घाईघाईने गल्ला पुसू लागला.

"म्हणजे मामा, तुम्ही बंदीच्या बाजूने?" सभेच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"छे! सिगारेट मी सोडणार नाही, आणि रस्त्यावर अडवलंत तर भांडेन. माझी छाती, माझा धूर. पण वहिनींची छाती माझी नाही ना!"

मग जो गलका झाला, त्यात पुढची तीन भाषणं कुणालाच ऐकू आली नाहीत. आठवड्याने ठराव दोन मतांनी पास झाला.

मालक महिनाभर मामांशी बोलला नाही. बोलावणं आलं ते वहिनींचं. "भावजी, छत रंगवायचंय. पण पांढरं नको. निळं हवं."

मामांचे हात शिवशिवले! हॉटेलात निळा रंग त्यांनी कधी दिलाच नव्हता. धुराने तो चार महिन्यांत शेवाळी झाला असता. सात छटा कालवून त्यांनी वहिनींना दाखवल्या, आणि सातवी पसंत पडल्यावर शीळ घालत शिडीवर चढले.

संध्याकाळी मालकाला राहवेना. त्याने आत डोकावून वर पाहिलं. "जरा जास्तच निळं झालंय."

"बायकोला सांग," मामा म्हणाले आणि हात पुसत खाली उतरले.

दोघं बाहेर पायरीवर बसले, सिगारेटी शिलगावल्या, आणि हा कायदा मुळातच कसा चुकीचा आहे यावर तावातावाने बोलू लागले. एका शब्दाचाही मतभेद नव्हता.

"ते दार आधी लावून घ्या!" आतून वहिनी ओरडल्या.