कोल्हापूरचा फोन आणि पेनिसिलीन

आमच्या रुग्णालयात नर्सने वॉर्डात स्वतःचा मोबाईल वापरायचा नाही, असा नियम आहे. नियमाचा कागद आम्हाला मोबाईलवरच आला.

मी तो पाळत होते. मग कोल्हापूरचे एक निवृत्त मास्तर दाखल झाले. इथे चेन्नईजवळ सिरुसेरीत नोकरी करणाऱ्या मुलाकडे आले आणि बाथरूममध्ये पडून खुबा मोडून घेतला. त्यांना तमिळ येत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आले. माझं घराणं तंजावरचं मराठी. माझं बोलणं ऐकून म्हणाले, "बाई, तुमची मराठी बखरीतली आहे." मी रक्तदाब लिहून घेतला.

ऑपरेशननंतर बायकोशी बोलल्याशिवाय जेवणार नाही म्हणून ते अडून बसले. मुलगा ऑफिसात, यांचा फोन त्याच्या बॅगेत. वॉर्डातला फोन चेन्नईबाहेर लागत नाही. मी माझा मोबाईल दिला. "जेवतो," एवढंच बोलून त्यांनी तो परत केला. पण माझा नंबर कोल्हापूरला पोचला तो पोचलाच. मास्तरांची बायको, काकू, दिवसातून तीनदा फोन करू लागल्या. ताप आहे का, पोट साफ झालं का.

चौथ्या दिवशी जखम लाल झाली, ताप चढला. डॉक्टरांनी पेनिसिलीन लिहिलं. मी ट्रे घेऊन पलंगाशी पोचले आणि खिशात फोन वाजला.

"काकू, मागाहून बोलते. इंजेक्शन द्यायचंय."

"कसलं गं?"

"पेनिसिलीन."

"अगं नको! मागे यांना दिलं तेव्हा अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला. मरता मरता वाचले!"

मागून सुपरवायझर तमिळमध्ये म्हणाल्या, "हातात इंजेक्शन आणि कानाला फोन?"

मी ट्रे खाली ठेवला. ऐकलं ते सांगितलं. त्यांनी डॉक्टरांना बोलावलं, औषध बदललं. मग मला मेमो दिला.

मी मास्तरांना म्हटलं, "दाखल होताना मी विचारलं होतं, अ‍ॅलर्जी आहे का. तुम्ही नाही म्हणालात."

"तुम्ही अ‍ॅलर्जी विचारलीत. मला गांधी उठतात."

सुपरवायझरनी माझा खुलासा वाचला, फायलीत लावला आणि म्हणाल्या, "त्या अम्मांचा नंबर दे."

त्यांनी स्वतःच्या मोबाईलवरून, वॉर्डाच्या मधोमध उभं राहून, काकूंना वीस मिनिटं विचारलं. मी भाषांतर करत होते. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, वांगं सोसत नाही, दुखलं तरी सांगत नाहीत. सुपरवायझरनी सगळं केसपेपरवर लिहिलं. शेवटचं वाक्य दोनदा अधोरेखित केलं.

मेमो मागे घेतला नाही. मीही मागितलं नाही. त्या दिवशी दुपारचा डबा मला गेला नाही. ते इंजेक्शन मी भरून तयार ठेवलं होतं.

मास्तर अकराव्या दिवशी वॉकर धरून लिफ्टपर्यंत चालत गेले. मुलगा मागून बॅगा आणत होता.